एनएफ३ इतका शांत आणि एनसीएल३ इतका भडक, असं का? नायट्रोजन-हॅलोजन संयुगांची बनावट आणि रचना

प्रश्न थोडक्यात असा आहे: एमएस्सीच्या एका विद्यार्थ्याला नायट्रोजन-हॅलोजन (फ्लोरीन, क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन) संयुगांवर सेमिनार द्यायचाय. त्याला चार गोष्टी अडल्यात. नायट्रोजन ट्रायफ्लोराइड (एनएफ३) सिलिंडरमध्ये भरून विकतात आणि ट्रायक्लोराइड (एनसीएल३) मात्र हलवलं तरी फुटतं, असं का? पुस्तकात ट्रायआयोडाइडचा (एनआय३) पिरॅमिड काढलेला असतो पण दुसरीकडे वाचलं की ती साखळी आहे, मग खरं काय? फॉस्फरस पाच फ्लोरीन घेऊन पीएफ५ देतो तर नायट्रोजनचा एनएफ५ का नाही? आणि शेवटी, आयोडाइडचा 'टिचकीने फुटणारा' प्रयोग सेमिनारमध्ये करून दाखवावा का?

माझं बरंचसं काम फ्लोरीनच्या संयुगांवर झालंय, निकेल आणि मोनेल (निकेल-तांब्याचा मिश्रधातू) यांच्या व्हॅक्यूम लाइनवर, आणि नंतर हेच बरीच वर्षं शिकवलं. त्यामुळे जरा लांब लिहितोय, सवडीने वाचा. टाइप करायला सोपं म्हणून एनएफ३, एनसीएल३, एनआय३ असं लिहितो, समजून घ्या.

आधी एक गोष्ट सांगतो, कारण तुमच्या चारही प्रश्नांच्या मुळाशी तीच आहे. तुम्ही 'कोणता बंध मजबूत, कोणता कमजोर' असा विचार करताय. तो अर्धाच विचार झाला. नायट्रोजनच्या बाबतीत खरा प्रश्न असतो की हे संयुग मोडलं तर कशात मोडणार आणि त्यातून किती मिळणार. कारण समोर सतत एन२ नावाचं आमिष उभं असतं, ९४५ किलोज्यूल प्रति मोलचा तिहेरी बंध. नायट्रोजनचं जवळपास कुठलंही संयुग त्या बंधाकडे डोळे लावून बसलेलं असतं. हॅलोजन बदलला की तिथपर्यंत जायची वाट चढाची आहे की उताराची एवढंच बदलतं.

हिशोब करूनच बघू. एनएफ३ मधला एन-एफ बंध सरासरी २८० किलोज्यूलचा. तीन बंध तोडायला ८४० लागले. बदल्यात काय मिळालं, तर अर्धा मोल एन२ म्हणजे ४७२, आणि दीड मोल एफ२. आता फ्लोरीनचा स्वतःचा बंध फार कमजोर आहे, फक्त १५८, म्हणून दीड मोलचे २३७. एकूण मिळकत ७०९. म्हणजे ८४० खर्चून ७०९ मिळाले, तोट्याचा सौदा, एनएफ३ मोडायला स्वतःहून तयार होत नाही. त्याची निर्मिती-एन्थाल्पी (मूलद्रव्यांपासून बनताना होणारा ऊर्जेचा बदल) उणे १३२ किलोज्यूल आहे ती इथूनच येते.

आता एनसीएल३. एन-सीएल बंध साधारण २०० चा, तीन तोडायला ६००. मिळालं काय, तेच एन२ चे ४७२ आणि क्लोरीनचा बंध २४२ म्हणून दीड मोलचे ३६३, एकूण ८३५. म्हणजे दर मोलमागे २३५ किलोज्यूल बाहेर पडणार, वर सगळं वायूरूपात. तेलासारखा पिवळा द्रव क्षणात गरम वायू होतो, स्फोट दुसरं काय असतो! इथे बघा, फरक दोन्ही बाजूंनी पडलाय. एन-एफ बंध मजबूत आहे हे खरं, पण एफ-एफ बंध कमजोर आहे हेही तितकंच महत्त्वाचं. बहुतेक विद्यार्थी पहिला मुद्दा लिहितात आणि दुसरा विसरतात, तुम्ही सेमिनारमध्ये दोन्ही आकडे फळ्यावर मांडा.

हा हिशोब फक्त उतार आहे की नाही ते सांगतो. माणूस उतारावर घसरेल की थांबेल हे अडथळ्यावर अवलंबून, आणि अडथळा परिस्थितीप्रमाणे बदलतो. एनसीएल३ पाण्यात किंवा सेंद्रिय विद्रावकात पातळ असेल तर बराच वेळ राहतो. शुद्ध द्रव असेल तर प्रकाश, धक्का, ग्रीसचा एखादा डाग, काहीही पुरतं. म्हणून 'एनसीएल३ किती स्थिर आहे' याला एका शब्दात उत्तर नाही. किती तीव्र, किती गरम, सोबत काय, हे विचारल्याशिवाय मी तरी उत्तर देत नाही.

इतिहासात ह्याची किंमत मोजलेली आहे. १८११ मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ द्यूलाँग यांनी हे संयुग बनवलं आणि त्यात एक डोळा आणि बोटं गमावली. पुढच्याच वर्षी इंग्लिश रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही याच पदार्थाने डोळ्याला जखमी झाले, लिहिता येईना म्हणून एका तरुणाला मदतीला घेतलं, तो तरुण म्हणजे मायकेल फॅरडे. १८१३ मध्ये तो रीतसर सहाय्यक झाला. ही गोष्ट मी प्रत्येक बॅचला सांगायचो आणि ती मनोरंजनासाठी नाही. त्या काळातली सर्वांत कुशल माणसं होती ही, त्यांनाही पदार्थाने सूट दिली नाही.

आता इलेक्ट्रॉन कुठे झुकलेत ते बघू, कारण रचना आणि बनवण्याची पद्धत दोन्ही त्याच्यावर ठरतात. फ्लोरीनची विद्युतऋणता (बंधातले इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढायची ताकद) ३.९८, नायट्रोजनची ३.०४, क्लोरीनची ३.१६, ब्रोमीनची २.९६, आयोडीनची २.६६. एनएफ३ मध्ये शंकाच नाही, फ्लोरीन ओढतो, नायट्रोजन अधिक तीन ऑक्सिडेशन अवस्थेत. आयोडीनकडे गेलो की उलट, नायट्रोजन ओढतो. क्लोरीन मधोमध. आकड्यावर गेलात तर क्लोरीन किंचित जास्त ओढणारा दिसतो, पण पाण्यात टाकल्यावर एनसीएल३ काय देतो? अमोनिया आणि हायपोक्लोरस आम्ल. म्हणजे क्लोरीन धन टोकासारखा वागला, नायट्रोजन हायड्रोजन घेऊन गेला. शेजारचा पीसीएल३ घ्या, तो पाण्यात फॉस्फरस आम्ल आणि हायड्रोक्लोरिक आम्ल देतो, तिथे क्लोरीन ऋण टोक. सूत्र सारखं आणि वागणूक बरोबर उलटी. कारण पाण्याला फॉस्फरसवर चढायला जागा मिळते, नायट्रोजनवर मिळत नाही, तिथे लोन पेअर (बंधात न गुंतलेली इलेक्ट्रॉनची जोडी) बसलेली असते आणि इलेक्ट्रॉन घ्यायला रिकामं ऑर्बिटल हाताशी नसतं, मग देवाणघेवाण क्लोरीनच्या बाजूने होते. एनएफ३ मध्ये तीही वाट बंद, फ्लोरीन कधी धन टोक होत नाही, म्हणून तो पाण्यासोबत नेहमीच्या तापमानाला काहीच करत नाही.

एनएफ३ चा आकार पिरॅमिड, अमोनियासारखाच, पण बंधकोन १०२ अंशांच्या जवळ, अमोनियाचा १०७ च्या आसपास. फ्लोरीनने बंधातले इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढून घेतले, नायट्रोजनजवळ त्यांची आपसातली ढकलाढकली कमी झाली, कोन मिटला. एनसीएल३ मध्ये परत १०७, क्लोरीन मोठे आहेत, एकमेकांना लांब ठेवतात. द्विध्रुव आघूर्ण (रेणूची एकूण ध्रुवीयता) तर फार बोलकं आहे. अमोनियाचं १.४७ डिबाय आणि एनएफ३ चं फक्त ०.२३. बंध जास्त ध्रुवीय असून आघूर्ण कमी, कारण तीन बंधांची ओढ एका दिशेला आणि लोन पेअरची विरुद्ध दिशेला, एकमेकांना खाऊन टाकतात. अमोनियात दोन्ही एकाच दिशेला. शिवाय ती लोन पेअर नायट्रोजनला घट्ट चिकटलेली असते, म्हणून एनएफ३ बेस म्हणून अगदीच नालायक आहे. हा मुद्दा लक्षात ठेवा, एनएफ५ च्या वेळी लागेल.

बनवायचं कसं? इथे मी प्रमाण, तापमान, क्रम असं काही देणार नाही, तर्क सांगतो. सेमिनारला तोच हवा.

एनएफ३ सर्वात आधी ओट्टो रुफ यांनी १९२८ मध्ये मिळवला, वितळलेल्या अमोनियम बायफ्लोराइडचं विद्युतविघटन करून. युक्ती अशी की अमोनियाचे हायड्रोजन काढून फ्लोरीन बसवायचा, पण फ्लोरीन सरळ अमोनियावर सोडला तर प्रकरण हाताबाहेर जातं आणि बराचसा नायट्रोजन थेट एन२ होऊन निघून जातो. अमोनियम मीठाच्या वितळलेल्या रसात तो आटोक्यात राहतो. आजही कारखान्यांत मूळ कल्पना तीच आहे, एकतर विद्युतविघटन किंवा त्या रसातून फ्लोरीन सोडणं. विद्युतविघटनात दुसऱ्या टोकाला हायड्रोजन निघतो, आणि हायड्रोजन-एनएफ३ मिश्रण स्फोटक असतं. म्हणजे पदार्थ स्वतः शांत असला तरी तो ऑक्सिडायझर आहे हे विसरायचं नाही. मी व्हॅक्यूम लाइनवर नवीन येणाऱ्याला हेच पहिल्या दिवशी सांगायचो: थंड असताना हा वायू तुमच्याकडे ढुंकून बघत नाही, तापला की फ्लोरीनसारखा वागतो. चिप बनवणाऱ्या उद्योगात त्याचा उपयोग नेमका ह्यासाठीच, प्लाझ्मात फोडला की फ्लोरीनचे अणू देतो आणि ते चेंबरच्या भिंतीवरचं सिलिकॉन साफ करतात. न फुटता जो हवेत सुटतो तो शेकडो वर्षं टिकतो आणि शंभर वर्षांच्या मोजमापात कार्बन डायऑक्साइडच्या १६ ते १७ हजार पट उष्णता अडवतो. प्रयोगशाळेत ज्या शांतपणामुळे तो सोयीचा, तोच शांतपणा वातावरणात अडचणीचा.

क्लोरीनकडे आलात की गोष्ट पायऱ्यापायऱ्यांची होते. अमोनियावर क्लोरीन चढत जातो, आधी मोनोक्लोरामाइन, मग डाय, मग ट्राय. पाणी अल्कधर्मी आणि अमोनिया भरपूर असेल तर मोनोवर थांबतं, आम्लाकडे झुकलं आणि क्लोरीन जास्त झाला की ट्रायकडे जातं. पिण्याच्या पाण्याच्या शुद्धीकरणात मोनोक्लोरामाइन मुद्दाम वापरतात. तरण तलावाला जो डोळ्यात झोंबणारा वास येतो त्याला आपण क्लोरीनचा वास म्हणतो, पण तो बराचसा ट्रायक्लोरामाइनचा, म्हणजे एनसीएल३ चाच असतो. घाम, लघवी यातल्या युरियामधून तो तयार होतो, प्रमाण अत्यल्प म्हणून स्फोटाची भीती नाही, पण श्वासाला त्रास होतो. आणि हो, ब्लीच आणि अमोनियावालं क्लीनर एकत्र ओतू नका असं जे बाटलीवर लिहिलेलं असतं ते ह्याच पायऱ्यांमुळे.

क्लोरीनच्या कारखान्यांत ह्याची एक वेगळी बाजू दिसते, ती मला फार महत्त्वाची वाटते. मिठाच्या पाण्यात अमोनियाचा जरासा अंश असला की विद्युतविघटनात थोडं एनसीएल३ बनतं आणि द्रव क्लोरीनमध्ये विरघळून बसतं. क्लोरीन उकळतो उणे ३४ अंशाला, एनसीएल३ उकळतं ७१ ला. टाकीतला क्लोरीन उडत जातो आणि एनसीएल३ मागे राहून दाट होत जातं. कोणी ते बनवायला गेलेलंच नसतं, तरी तळाशी जमा होतं. म्हणून अशा ठिकाणी मिठातला नायट्रोजन तपासतात आणि द्रव क्लोरीन पूर्ण कोरडा होईपर्यंत उडू देत नाहीत. उत्कलनबिंदूंचा साधा फरक, त्यावर माणसांचे जीव अवलंबून असतात.

ब्रोमाइडवर फार वेळ घालवत नाही. गडद लाल पदार्थ, १९७५ मध्ये वेगळा मिळवला, उणे १०० अंशालाही फुटू शकतो.

आता आयोडाइड, तुमचा सर्वात चांगला प्रश्न. पुस्तकातला पिरॅमिड आणि साखळी, दोन्ही बरोबर आहेत, पण ते दोन वेगवेगळे पदार्थ आहेत, आणि फरक बनवण्याच्या पद्धतीतून आलाय. अमोनिया आणि आयोडीनमधून जो काळपट पदार्थ मिळतो, ज्याला सगळे एनआय३ म्हणतात, तो एनआय३ नाहीच. तो एनआय३ अधिक अमोनिया असा जोडपदार्थ आहे. १९६८ मध्ये क्ष-किरणांनी त्याची रचना निघाली आणि ती बघून मी विद्यार्थी असताना थक्क झालो होतो. प्रत्येक नायट्रोजनभोवती चार आयोडीन, टेट्राहेड्रन (चार कोपऱ्यांचा आकार). त्यातले दोन आयोडीन शेजारच्या टेट्राहेड्रनशी वाटून घेतलेले, त्यामुळे कोपऱ्याला कोपरा जोडत लांब साखळी होते. दोन पूर्ण आयोडीन आणि दोन अर्धे, झाले तीन, सूत्र एनआय३ तसंच राहिलं. पुलावरचा एन-आय बंध साधारण २.३० आँगस्ट्रॉम, टोकाचा २.१५. अमोनियाचे रेणू टोकाच्या आयोडीनला चिकटून साखळ्यांच्या मध्ये बसलेले.

हे असं का होतं? वर म्हटलं तसं इथे इलेक्ट्रॉन नायट्रोजनकडे झुकलेत. त्यामुळे आयोडीनच्या टोकाला इलेक्ट्रॉनची उणीव राहते आणि तो कुठल्याही लोन पेअरला जवळ करतो, मग ती शेजारच्या नायट्रोजनची असो की अमोनियाची. आजकाल ह्याला हॅलोजन बॉन्डिंग म्हणतात. अमोनिया हजर असताना मोकळा पिरॅमिड मिळावा ही अपेक्षाच चूक आहे, आयोडीन त्याला धरूनच ठेवणार.

मग मोकळा रेणू हवा असेल तर काय करायचं? भांड्यात अमोनियाच नको. १९९० मध्ये क्लापोटके आणि टोर्निपोर्थ-ओटिंग यांनी नेमकं तेच केलं, बोरॉन नायट्राइडवर आयोडीन मोनोफ्लोराइडची क्रिया केली, तीही फ्रिऑनसारख्या विद्रावकात आणि गारठ्यात. नायट्रोजन आणला तो बोरॉनच्या घट्ट जाळ्यातून, आणि बोरॉनला फ्लोरीन दिला. बी-एफ बंध इतका मजबूत आहे की सगळ्या सौद्याचं बिल तोच भरतो. ही मला या विषयातली सर्वांत देखणी चाल वाटते. लाभ नसलेला बंध बांधायचा असेल तर शेजारी असा एक बंध बांधा ज्यात भरपूर लाभ आहे. त्यात मिळालेला पदार्थ नायट्रोजनच्या क्लोराइड-ब्रोमाइडसारखा सुटा रेणू होता, पिरॅमिडच.

एनएफ५ कडे येऊ. फॉस्फरस मोठा आहे, पाच फ्लोरीन भोवती मावतात. नायट्रोजन लहान, पाच जण बसवले तर फ्लोरीन एकमेकांवर चढतील. 'डी ऑर्बिटल नाहीत म्हणून' हे जुनं उत्तर अजून चालतं, पण मी जागेचा मुद्दा आधी मांडायला सांगेन. चार मात्र बसतात! एनएफ४ धन आयन १९६६ मध्ये मिळाला, पूर्ण टेट्राहेड्रन, बंध एनएफ३ पेक्षा आखूड. पण तो एनएफ३ च्या लोन पेअरने फ्लोरीन पकडून साधा बनत नाही, कारण ती लोन पेअर देण्याच्या मनःस्थितीतच नसते हे वर पाहिलं. म्हणून एनएफ३, फ्लोरीन आणि आर्सेनिक पेंटाफ्लोराइडसारखं जबर लुईस आम्ल (इलेक्ट्रॉनची जोडी ओढून घेणारं संयुग) एकत्र आणून, ऊर्जा देऊन, फ्लोरीनचे अणू पाडून तो करावा लागतो, आणि सुटलेला फ्लोराइड आर्सेनिक लगेच धरून ठेवतो. पुन्हा तीच चाल, दुसऱ्या बंधाने बिल भरायचं. त्या धन आयनाला मोकळा फ्लोराइड भेटला तर एनएफ५ होत नाही, एनएफ३ आणि फ्लोरीन होऊन सगळं सुटून जातं.

सेमिनारला वेळ उरला तर आणखी दोन रेणू घ्या. एक टेट्राफ्लोरोहायड्राझीन, एन२एफ४, १९५८ मध्ये एनएफ३ ला गरम तांब्यावरून नेऊन मिळवला. त्याचा एन-एन बंध इतका हलका, ८५ किलोज्यूलच्या जवळपास, की जरा गरम केलं की दोन एनएफ२ रॅडिकल (एकटा इलेक्ट्रॉन असलेले तुकडे) होतात आणि थंड केलं की परत जोडले जातात, अगदी एन२ओ४ आणि एनओ२ सारखं. दुसरा एनएफ३ओ. त्यात एन-ओ अंतर १.१६ आँगस्ट्रॉम, जवळजवळ नायट्रिक ऑक्साइडइतकं आखूड, आणि एन-एफ बंध १.४३ म्हणजे एनएफ३ मधल्या १.३७ पेक्षा बरेच लांब. ऑक्सिजनने नायट्रोजनला जवळ ओढलं आणि त्याची किंमत फ्लोरीनच्या बंधांनी दिली. नायट्रोजनला आठाच्या वर इलेक्ट्रॉन न देता हे चित्र काढून दाखवा, परीक्षक खूश होतात हा अनुभव आहे.

थोडक्यात तुमच्या तीन प्रश्नांची उत्तरं: शांतपणा ठरतो एन२ आणि एक्स२ (हॅलोजनचा रेणू) मिळून किती परत देतात त्यावर. आयोडाइडची साखळी की पिरॅमिड हे ठरतं भांड्यात अमोनिया होता की नाही त्यावर. आणि एनएफ५ ला जागा नाही.

राहिला प्रयोगाचा प्रश्न. नका करू. ओला असताना तो गरीब दिसतो, सुकता सुकता कधी बदलेल ते तुमच्या हातात नसतं. पिसाच्या स्पर्शाने फुटतो हे सगळ्यांना माहीत असतं, पण अल्फा कणांच्या माऱ्यानेही तो फुटतो, इतका तो काठावर असतो. माझ्या विद्यार्थिदशेत एका प्रयोगशाळेत सुकायला ठेवलेला फिल्टर पेपर कोणी हात न लावताच फुटला होता. जवळ कोणी नव्हतं म्हणून फक्त काच फुटली आणि कानात दिवसभर आवाज राहिला. त्यानंतर मी तो कधीच कोणाला करू दिला नाही. काळे आणि निळे मणी घ्या, तार घ्या, आणि त्या टेट्राहेड्रनच्या साखळीचं मॉडेल करून आणा, मध्ये अमोनियाचे रेणू लटकवा. अर्ध्या वर्गाने ती रचना आधी कधी पाहिलेली नसेल. अडलं तर इथेच विचारा, पुलावरचे आणि टोकाचे आयोडीन कसे मोजायचे ते मी परत सांगेन.